फुलझाडालाही वाफसा हवा

काळ्या भारी जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी, हरभरा आणि कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्यास वाफसा म्हणजे काय हे कोणी शिकवावे लागत नाही. पाऊस उघडला की तो बांधावर उभा राहून रानाचा रंग न्याहाळतो, दोन पावले आत टाकून माती पायास चिकटते की नाही हे पाहतो, ढेकूळ हातात घेऊन चुरडतो आणि मगच तिफण जुंपतो. शेजाऱ्याने पेरणी सुरू केली म्हणून तो चिखलात बैल घालीत नाही. नक्षत्र लागले एवढ्यावरूनही तो बी टाकीत नाही. जमीन स्वतः ‘आता ये’ म्हणेपर्यंत थांबण्याचा हा संयम काळ्या रानाच्या शेतीतील फार मोठे शहाणपण आहे.

परंतु हाच शेतकरी मोगरा, गुलाब किंवा जास्वंद लावावयास निघाला म्हणजे ते शहाणपण बांधावरच ठेवून येतो असे दिसते. तो ठराविक मापाचा खड्डा खणतो, त्यात कोठून तरी आणलेली तांबडी माती किंवा पोयटा भरतो, रोप लावतो, भोवती खोलगट आळे करतो आणि दररोज सकाळी बादलीभर पाणी ओततो. महिना-दीड महिन्यात रोपाची पाने पिवळी पडतात, शेंडा मान टाकतो आणि एके दिवशी रोप हाताने सहज उपटून येते. रोपवाटिकेने रोप वाईट दिले, ऊन सोसले नाही, वाळवी लागली, अशी कारणे मग सांगितली जातात. ती कधी कधी खरीही असतात. तथापि भारी जमिनीत दगावलेल्या रोपाच्या मुळाशी खणून पाहिले तर बहुधा काळपट पडलेली, साल सुटलेली, कुजका वास येणारी मुळेच हाती लागतात. ते रोप तहानेने मेलेले नसते. ते पाण्यात गुदमरून मेलेले असते.

या मरणास शेतकऱ्याच्या आळसापेक्षा त्याची काळजीच अधिक कारणीभूत होते, ही दुःखाची गोष्ट आहे. आणि ती काळजी अशी आडवाटेस जाते याचा मोठा दोष सल्ला देणाऱ्यांकडे जातो, हेही मोकळेपणाने कबूल केले पाहिजे.

दहा गुंठ्यांचा प्रश्न

दारापुढे हौसेने लावलेले एखादे फुलझाड गेले तर हळहळ वाटते, पण संसार अडत नाही. आता मात्र फुलझाड हे हौसेपुरते राहिलेले नाही. विहिरीवर थोडे पाणी आहे, जमीन थोडी आहे आणि घरात पहाटे कळ्या तोडावयास दोन-चार हात आहेत, अशी अनेक कुटुंबे मोगऱ्याकडे वळत आहेत. दोन झाडांत आणि दोन ओळींत १.२ मीटर अंतर ठेवले तर दहा गुंठ्यांत सुमारे ७०० रोपे बसतात. ही रोपे विकत घ्यावी लागतात. कोणी त्यासाठी बचत गटाकडून कर्ज काढते, कोणी शेळी विकते. मोगऱ्याचे पहिल्या वर्षाचे उत्पन्न नाममात्र असते. खऱ्या अर्थाने पैसा दिसू लागतो तो तिसऱ्या वर्षापासून. अशा लागवडीत पहिल्याच पावसाळ्यात निम्मी रोपे गेली तर केवळ रोपांची किंमत जात नाही. वर्ष जाते, कर्जाचा हप्ता चुकतो आणि ‘फुलझाड आपल्या रानात येत नाही’ हे मत गावात कायमचे रुजते. पुढे दहा वर्षे त्या गावात कोणी त्या पिकाचे नाव काढीत नाही. म्हणून खड्डा आणि पाणी हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही.

काळ्या मातीचा स्वभाव

दख्खनच्या पठारावरील काळी माती काळ्या कातळापासून, म्हणजे बेसाल्टपासून झालेली आहे. तिच्यात चिकण कणांचे प्रमाण पुष्कळदा निम्म्याच्या आसपास व कित्येक ठिकाणी त्याहूनही अधिक असते. हे कण माँटमोरिलोनाइट गटातील असल्याने पाणी मिळाले की फुगतात आणि पाणी गेले की आकसतात. उन्हाळ्यात ज्या भेगांत हात जातो, त्याच भेगा दोन चांगल्या पावसांनंतर शोधूनही सापडत नाहीत, याचे कारण हेच.

या स्वभावामुळे काळ्या जमिनीचे पाण्याशी वागणे दुहेरी असते. कोरड्या, भेगाळलेल्या रानात पहिले पाणी भेगांवाटे झपाट्याने खाली जाते. पाहणाऱ्यास जमीन फार तहानलेली आहे असे वाटते. एकदा माती फुगून भेगा मिटल्या की तेच रान पाणी पोटात घ्यावयास तयार नसते. त्यानंतर आत गेलेले पाणी लवकर बाहेर पडत नाही. ज्वारी-हरभऱ्यासारखी पिके केवळ जमिनीतील ओलीवर येतात, ती याच गुणावर. फुलझाडाच्या कोवळ्या मुळांना मात्र हाच गुण जाचक ठरू शकतो.

कारण मूळ हे केवळ पाणी पिणारी नळी नव्हे. ते श्वास घेते. मातीच्या बारीक पोकळ्यांत पाणी आणि मोठ्या पोकळ्यांत हवा असली म्हणजे मूळ सुखी असते. सर्वच पोकळ्या पाण्याने भरल्या की हवेची वाट बंद होते. प्राणवायू हवेतून ज्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजाराव्या हिश्श्याने तो पाण्यातून पसरतो. त्यामुळे चिखलात बुडालेल्या मुळास काही दिवसांतच प्राणवायू अपुरा पडतो, टोके मरतात आणि मेलेल्या टोकांवर मूळकुजीच्या बुरशा चढतात. हवा आणि पाणी यांचा मेळ बसलेली जी स्थिती, तिलाच आपले शेतकरी वाफसा म्हणतात. पेरलेल्या दाण्यास जी स्थिती लागते, तीच लावलेल्या रोपासही लागते. आणि रोपास ती एका दिवसापुरती नव्हे, तर मुळे भोवतालच्या मातीत शिरेपर्यंत सतत लागते.

काळ्या जमिनीस पाण्याचा अतिरेक सोसत नाही, हा धडा महाराष्ट्रास नवीन नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी आले आणि थोड्याच वर्षांत त्या खोऱ्यातील कित्येक रानांत क्षार वर आले. या क्षारपड जमिनींचा अभ्यास डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९१० साली प्रसिद्ध केला. पाणी देणे जितके महत्त्वाचे तितकेच त्याला जाण्यास वाट देणे महत्त्वाचे, हे तेव्हा एका खोऱ्याने मोठी किंमत देऊन शिकले. दहा गुंठ्यांतील मोगऱ्याचा खड्डा हे त्याच गोष्टीचे लहान रूप आहे.

खड्डा की हौद?

फुलझाडासाठी ४५ सेंटीमीटर, म्हणजे दीड फूट, लांब-रुंद-खोल खड्डा घ्यावा आणि तो पोयटा व शेणखत यांच्या मिश्रणाने भरावा, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. मुरमाड, हलक्या किंवा उताराच्या जमिनीत हा सल्ला योग्यच आहे. तेथे खड्डा मुळांना मऊ जागा देतो आणि जादा पाणी खालून निघून जाते.

हाच खड्डा सपाट, भारी जमिनीत खणला तर काय होते ते पाहावे. त्याचे आकारमान सुमारे ९१ लिटर भरते. भुसभुशीत मिश्रणात निम्म्याच्या आसपास पोकळी असते, म्हणजे असा एक खड्डा जवळजवळ ४० लिटर पाणी पोटात घेऊ शकतो. वरून आलेले पाणी या सैल मिश्रणात चटकन शिरते, परंतु भोवतालची चिकण माती ते पुढे घेत नाही. पावसाच्या दिवसांत रानावरून वाहणारे पाणीही ओढ घेऊन याच सैल जागी मुरते. परिणामी ज्यास आपण खड्डा म्हणतो तो हौद बनतो, आणि त्या हौदात रोप उभे असते. वरची दोन बोटे माती उन्हाने सुकून पांढुरकी दिसते. शेतकरी ती पाहून पुन्हा पाणी देतो.

या हौदास आणखी एक दोष जोडला जातो. खड्डे ओल्या रानात कुदळीने खणले तर त्यांच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात. वाळल्यावर त्या मडक्यासारख्या घट्ट बनतात. कोवळी मुळे तेथवर येऊन अडतात व खड्ड्यातच गोल फिरत राहतात. अशी झाडे वर्ष-दोन वर्षे जगली तरी वाढत नाहीत.

कित्येक शेतकरी यावर उपाय म्हणून खड्ड्यात टोपली-दोन टोपल्या वाळू मिसळतात. थोड्याशा वाळूने चिकण माती मोकळी होत नाही. वाळूचे कण चिकणात रुतून बसतात आणि वाळल्यावर माती पूर्वीपेक्षा कठीण होते. फरक पडावा इतकी वाळू घालावयाची तर ती मातीच्या निम्म्याहून अधिक लागेल, आणि ते कोणास परवडणारे नाही. खड्ड्याच्या तळाशी विटांचे तुकडे किंवा गोटे घातल्यानेही निचरा होत नाही. तळाखालची माती पाणी घेत नसेल तर पाणी गोट्यांतच साचते आणि मुळांच्या जवळ येऊन उभे राहते.

डोंगरातील रीत आणि काळे रान

मोगऱ्याची चर्चा निघाली की पालघर जिल्ह्यातील जव्हार व विक्रमगड या भागांचे नाव निघतेच. तेथील आदिवासी शेतकऱ्यांनी मोगऱ्यावर चांगला संसार उभा केला आहे, आणि ते बघावयास इतर जिल्ह्यांतील शेतकरी जातात. जावे, अवश्य जावे. परंतु तेथून काय आणावे आणि काय आणू नये याचा विचार करावा. त्या भागात पावसाळ्यात २,००० मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरीही उताराच्या, निचऱ्याच्या तांबूस जमिनीत मोगरा उभा राहतो. उलट सोलापूर, बीड, परभणी अशा जिल्ह्यांत, जेथे पावसाची वाट पाहावी लागते, तेथील भारी रानात मोगऱ्याची मुळे कुजतात. रोप तेच, फूल तेच. फरक केवळ पाण्यास निघून जाण्यास वाट आहे की नाही एवढाच. तेथून छाटणीचे तंत्र, तोडणीची शिस्त आणि बाजाराची माहिती आणावी. खड्ड्याचे माप मात्र तेथेच ठेवून यावे.

लागवड कशी असावी

भारी जमिनीत फुलझाड लावण्यापूर्वी पाण्याची एक साधी परीक्षा करावी. सुमारे एक फूट खोल खड्डा घेऊन तो पाण्याने काठोकाठ भरावा आणि जिरू द्यावा. या पहिल्या पाण्यावरून काही ठरवू नये, कारण ते भेगांत जाते. भोवतालची माती भिजल्यावर दुसऱ्यांदा खड्डा भरून घड्याळ पाहावे. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी खड्ड्यात पाणी उभे असेल तर त्या जागी खड्डा पद्धतीने फुलझाड लावण्याचा विचारच सोडून द्यावा.

मग तेथे लावावे कसे? जमिनीच्या पोटात लावण्याऐवजी जमिनीच्या पाठीवर लावावे. उताराच्या बाजूने पाणी निघेल असे रुंद वरंबे ओढावेत. वरंबा माथ्यावर सुमारे ९० सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर उंच असावा. तो त्याच रानातील मातीचा करावा आणि चांगले कुजलेले शेणखत एखाद्या खड्ड्यात कोंबण्याऐवजी संपूर्ण वरंब्यावर पसरून वरच्या वितभर मातीत मिसळावे. म्हणजे मुळांना एका जागी मऊ गादी आणि पुढे भिंत असा प्रकार होत नाही. सर्वत्र सारखीच माती मिळते. दोन वरंब्यांमधील सरीचे टोक मोकळे ठेवून ते शेताच्या सखल कडेला काढलेल्या चरास जोडावे. हा चर काढण्याचा कंटाळा केला जातो, आणि पुष्कळदा सर्व लागवडीचे भवितव्य त्यावरच अवलंबून असते.

जमिनीची ही मशागत उन्हाळ्यात, रान कोरडे असताना करावी. रोप मात्र पावसाने वरंबा चांगला भिजून पुन्हा वाफशावर आला म्हणजे लावावे. वरंब्यावर खड्डा करावयाचा तो पिशवीच्या उंचीपेक्षा खोल नसावा. रुंदी मात्र पिशवीच्या दुप्पट-तिप्पट असावी. खोल खणून पुन्हा माती भरली तर ती पुढे दबते आणि रोप खाली बसते. खड्ड्याच्या कडा खुरप्याने खरवडून खडबडीत कराव्यात. पिशवी पूर्णपणे फाडून काढावी. मुळे गोल फिरलेली असतील तर ती हलक्या हाताने मोकळी करावी. पिशवीतील मातीचा माथा भोवतालच्या मातीपेक्षा दोन-तीन बोटे वरच राहील असे रोप ठेवावे, आणि खणलेली तीच माती ढेकळे फोडून भोवती भरावी. बुंध्यापासून बाजूस उतार राहावा. बुंध्याशी पाणी साठेल असे खोलगट आळे भारी जमिनीत करू नये.

लागवडीनंतर तुरी-कापसाचा चुरा, वाळलेले गवत किंवा उसाचे पाचट यांचे चार बोटे जाड आच्छादन घालावे व ते बुंध्यापासून वीतभर दूर ठेवावे. आच्छादनाने पाणी वाचते हे सर्वांस ठाऊक आहे. काळ्या जमिनीत त्याचे आणखी मोठे काम म्हणजे भेगा पडू न देणे. जमीन फाटली की तिच्याबरोबर कोवळी मुळेही तुटतात. रब्बी ज्वारीत कोळपणी करून भेगा बुजविणारा शेतकरी ‘कोळपणी म्हणजे अर्धे पाणी’ असे म्हणतो. फुलझाडाच्या बुडाशी आच्छादन हेच काम करते.

पाण्याची पाळी हाताने ठरवावी

पुढील संभाषण थोड्याफार फरकाने कोणत्याही गावी ऐकावयास मिळते.

“भाऊसाहेब, रोज सकाळी बादलीभर पाणी घालते, एक दिवस चुकवलेला नाही. तरी रोप मान टाकतंय. आता संध्याकाळीही घालू का?”

“ताई, पाणी घालण्याआधी बोट मातीत घालून पाहिलंत का?”

“वरून तर कोरडीच दिसते की.”

“वरची नको. वीतभर खालची काढा.”

खुरप्याने वीतभर खालची माती काढली म्हणजे ती बोटांत वळी होण्याइतकी ओली निघते, आणि मग दोघांच्याही ध्यानात येते की रोपास पाण्याची नव्हे, उपवासाची गरज आहे. रोप मान टाकते ते पाणी न मिळाल्याने जसे, तसेच मुळे कुजल्यामुळे पाणी ओढता न आल्यानेही. वरून दोन्ही स्थिती सारख्याच दिसतात. तहानलेले रोप रात्री किंवा पाणी दिल्यावर सावरते. कुजणारे रोप सकाळीही मलूल असते, त्याची पाने पिवळी पडून गळतात आणि पाणी देताच त्याची स्थिती अधिक बिघडते. हा भेद न ओळखता पाणी वाढविणे म्हणजे बुडणाऱ्यास पाणी पाजणे होय.

परीक्षा दोन ठिकाणी करावी लागते, आणि येथेच पुष्कळांची चूक होते. रोपवाटिकेतील पिशवीतली माती हलकी असते. भोवतालची माती भारी. लागवडीनंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मुळे पिशवीच्या मातीबाहेर गेलेली नसतात. उन्हाच्या दिवसांत ही हलकी माती एक-दोन दिवसांत सुकते, आणि बाजूची चिकण माती ओली असली तरी आपले पाणी तिला सहजी देत नाही. म्हणून भोवतालचे रान ओले आणि रोप मात्र तहानलेले, असेही घडू शकते. या काळात पाणी थेट बुंध्यालगतच्या पिशवीच्या मातीवर, थोडे थोडे द्यावे. १५ सेंटीमीटर व्यासाच्या व २० सेंटीमीटर उंचीच्या पिशवीतील मातीचे आकारमान साडेतीन लिटर भरते. ती भिजण्यास एक-दीड लिटर पाणी, म्हणजे एक-दीड तांब्या, पुरते. बादलीभर पाण्यातील उरलेले सर्व पाणी रोपाच्या उपयोगी न पडता भोवतालच्या मातीचा चिखल करते.

महिन्याभरानंतर मुळे बाहेर शिरू लागली की पद्धत बदलावी. आता पाणी बुंध्यापासून वीत-दीड वीत दूर, अधिक प्रमाणात, पण अधिक दिवसांच्या अंतराने द्यावे. पुढील पाणी केव्हा द्यावे हे दिनदर्शिका पाहून ठरवू नये. वीतभर खालची माती मुठीत दाबावी. तिची वळी होत असेल तर पाणी देऊ नये. गोळा होतो परंतु अंगठ्याने दाबताच फुटतो आणि हातास गारवा लागतो, असे असेल तर वाफसा आहे, थांबावे. गोळा होतच नाही, माती भुरभुरते किंवा कठीण खडे हाती येतात, तर पाण्याची वेळ झाली. ठिबक संच असेल तर तासाला दोन लिटरची तोटी भारी जमिनीस पुरते, कारण अशा मातीत पाणी आडवे अधिक पसरते. पहिला महिना तोटी बुंध्याजवळ ठेवावी व पुढे बाजूस सरकवावी. तोटी एकदा बसविली की वर्षभर तिला कोणी हात लावीत नाही, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

पाने पिवळी पण शिरा हिरव्या दिसू लागल्यास तो बहुधा लोहाच्या कमतरतेचा प्रकार असतो. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत लोह असते, पण ते मुळांना घेता येत नाही. जमीन सतत ओली राहिली की ही अडचण वाढते. प्रथम पाणी आवरावे, नंतर हिराकस लिटरला ५ ग्रॅम या प्रमाणात मिसळून उन्ह उतरल्यावर पानांवर फवारावे. पाणी न आवरता केलेली फवारणी हा खर्च वाया जातो. विदर्भातील पूर्णा खोऱ्याच्या खारपाण पट्ट्यात विहिरीचे पाणीच खारे असते. तेथे पाण्याची व मातीची तपासणी केल्यावाचून फुलझाडाच्या भानगडीत पडू नये.

दोन आक्षेप

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल की वाडवडिलांनी खोल खड्ड्यांतच झाडे लावली आणि ती जगली. ते खरे आहे. परंतु ती बहुतेक आंबा, चिंच, लिंब यांसारखी खोल मुळांची झाडे होती आणि त्यांना रोज पाणी घालणारे कोणी नव्हते. पाऊस येईल तेवढेच पाणी मिळाल्याने त्यांचा खड्डा हौद झाला नाही. मोगऱ्याची किंवा गुलाबाची बहुतेक मुळे वरच्या थरात राहतात, आणि त्यांच्याशेजारी बादली घेऊन मनुष्य उभा असतो.

दुसरा आक्षेप उन्हाळ्याचा आहे. सोलापूरकडील वैशाखाच्या उन्हात रोजचे पाणी बंद करणे म्हणजे रोप होरपळविणे नव्हे काय? रोप नुकतेच लावलेले असेल तर त्यास रोज किंवा एकाआड एक दिवस पाणी लागेलही. परंतु तांब्यानेच लागेल, बादलीने नव्हे. ऊन अधिक असेल तर सावली करावी, आच्छादन वाढवावे. पानांना बसणारे चटके मुळांत चिखल करून थांबत नाहीत. आणि मुळात भर उन्हाळ्यात नवी लागवड करणेच टाळावे.

कार्यकर्त्याचे काम

गावपातळीवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांस खड्ड्याचे ठराविक माप सोयीचे वाटते, कारण खड्डा मोजता येतो. अमुक गावी इतके खड्डे घेतले, इतकी रोपे लावली, असा अहवाल भरता येतो. वरंबा नीट ओढला की नाही, चर सखल कडेस मिळाला की नाही, शेतकऱ्याच्या हातास वाफसा कळतो की नाही, या गोष्टींसाठी अहवालात रकाना नसतो. पण रोप जगते ते याच गोष्टींवर. जूनमध्ये लावलेल्या रोपांची संख्या लिहिण्याबरोबर दिवाळीनंतर जगलेल्या रोपांची संख्याही लिहिली गेली, तर ठराविक मापाचे खड्डे भारी जमिनीतून आपोआप कमी होतील.

कार्यकर्त्याने शेतकऱ्यास ‘इतके लिटर, इतक्या दिवसांनी’ असा आकडा देऊन येऊ नये. आकडा एका रानाचा असतो; शेजारच्या रानात तो चुकतो, आणि आभाळ आले की त्याच रानातही चुकतो. त्याने बरोबर खुरपे न्यावे, दोन रोपांच्या बुडाशी वीतभर खणावे आणि माती शेतकऱ्याच्या, विशेषतः पाणी घालण्याचे काम प्रत्यक्ष करणाऱ्या घरातील स्त्रीच्या, हातात द्यावी. ज्वारीच्या पेरणीसाठी जी माती हे हात ओळखतात तीच ही माती आहे, एवढेच त्यांना आठवून द्यावयाचे आहे. दगावलेले रोप दिसले तर ते फेकू न देता मुळांसकट उपटून दहा जणांस दाखवावे. त्या कुजलेल्या मुळांनी जे पटेल ते लांबलचक व्याख्यानाने पटणार नाही.

यंदाच्या पावसाळ्यापूर्वी भारी जमिनीत फुलझाडे लावू इच्छिणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याने आधी एक फुटाचा खड्डा पाण्याने दोनदा भरून पाहावा आणि कार्यकर्त्याने दुसऱ्या दिवशी तेथे जाऊन त्यात पाणी उभे आहे की नाही ते पाहावे. सातशे रोपे विकत घेण्यापूर्वी एका दिवसाचा हा खटाटोप काही मोठा नव्हे.